शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली, तर काय विचारावे आणि कशाकडे लक्ष ठेवावे

मुंबईचे केईएम, शीव, नायर किंवा जेजे, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, यांपैकी कुठेही शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की घरात एक प्रश्न हमखास निघतो: ऑपरेशन मोठे सर करणार की शिकाऊ डॉक्टर? ‘आपल्यावर हात साफ करून घेतील’ ही भीती त्यामागे असते, आणि ती अगदीच निराधार नसल्यामुळे हसण्यावारी नेऊ नये. मात्र हा प्रश्न असा सरळ विचारला, तर हाती उपयोगाचे उत्तर लागत नाही. अध्यापन रुग्णालयात शिकणारा डॉक्टर शस्त्रक्रियेत असतोच. तो असताना टेबलाच्या पलीकडे कोण उभे आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री काही बिघडले तर तो ते ओळखून कोणाला आणि किती लवकर बोलावतो, यावर रुग्णाचे बरेवाईट जास्त अवलंबून असते. या दोन गोष्टी रुग्णाने आणि नातेवाइकांनी कशा पडताळाव्यात, ते पुढे सांगितले आहे.

युनिट ओळखून घ्या

सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण एका डॉक्टरचा नसतो, तो युनिटचा असतो. युनिटचे प्रमुख प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखाली एकदोन सहायक प्राध्यापक असतात, ज्यांना वॉर्डात अजूनही सवयीने लेक्चरर म्हणतात. त्यानंतर एमएस, म्हणजे शल्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी झालेला वरिष्ठ निवासी डॉक्टर, आणि मग एमएस करणारे तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, म्हणजेच जेआर थ्री, जेआर टू आणि जेआर वन. एमएसचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. मेंदू, मूत्रमार्ग, बालशल्य अशा विषयांसाठी त्यापुढे एमसीएचची आणखी ३ वर्षे असतात, त्यामुळे अशा विभागातला ‘शिकणारा’ डॉक्टर आधीच पूर्ण शल्यचिकित्सक झालेला असू शकतो. निवासी डॉक्टर हा एमबीबीएस पूर्ण केलेला, नोंदणी झालेला डॉक्टर असतो. आंतरवासिता करणारे इंटर्न आणि राउंडला वह्या घेऊन उभे असणारे विद्यार्थी त्याहून वेगळे. हे तिघे नातेवाइकांच्या नजरेत बहुधा एकच होऊन जातात, आणि मग जेआर थ्रीने सांगितलेली महत्त्वाची गोष्ट ‘कोणीतरी पोरगा सांगून गेला’ म्हणून सोडून दिली जाते.

खासगी रुग्णालयात हा प्रश्नच येत नाही, असा एक समज आहे. मोठ्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत डीएनबीचे, म्हणजे एमएससारख्याच दुसऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी शिकत असतात, शिवाय रजिस्ट्रार आणि सहयोगी डॉक्टर शस्त्रक्रियेत भाग घेतात. अनेक लहान नर्सिंग होममध्ये शल्यचिकित्सक स्वतः ऑपरेशन करतात हे खरे, पण रात्री वॉर्डात निवासी म्हणून बहुतेक वेळा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचा विचार करता, जिथे शल्यशास्त्राचा निवासी डॉक्टर चोवीस तास वॉर्डात किंवा वॉर्डाच्या शेजारी असतो, तिथली व्यवस्था काही बाबतींत उजवी ठरते.

म्हणून पहिले काम साधे आहे. केस पेपरवर युनिटचा क्रमांक आणि प्रमुखांचे नाव पाहून ते वेगळे लिहून ठेवावे. त्या युनिटचे ओपीडीचे दिवस, ऑपरेशनचे दिवस आणि इमर्जन्सीचा दिवस सिस्टरांना विचारून त्याखालीच लिहावेत. ओपीडीत ज्या निवासी डॉक्टरने तपासले तोच शस्त्रक्रियेच्या दिवशी असेल असे धरून चालू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, आणि त्याखेरीज इतर विभागांतल्या पाळ्याही असतात. ओळखीचा चेहरा जाईल, फाइल मात्र राहील. त्यामुळे जे महत्त्वाचे ठरले असेल ते फाइलमध्ये लिहिलेले आहे ना, हे पाहावे.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

या विषयावर सर्वाधिक माहिती अमेरिकेत जमा झाली आहे. तिथल्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने शेकडो रुग्णालयांतून शस्त्रक्रियांच्या नोंदी एका ठरावीक पद्धतीने गोळा केल्या आणि त्यावरून निवासी डॉक्टर असलेल्या व नसलेल्या शस्त्रक्रियांची तुलना अनेकांनी केली. ढोबळ चित्र असे की निवासी डॉक्टर असताना शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो आणि किरकोळ गुंतागुंत, विशेषतः जखमेच्या वरच्या थरातला जंतुसंसर्ग, थोडी वाढलेली दिसते. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले दिसत नाही. काही तुलनांत तर ते किंचित कमीच निघाले.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे, कारण त्या देशात सरकारी विमा योजनेचे पैसे मिळण्यासाठी शिकवणारा वरिष्ठ शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या महत्त्वाच्या टप्प्यांना स्वतः हजर असावा लागतो. म्हणजे हे आकडे देखरेखीखाली शिकणाऱ्या डॉक्टरचे आहेत. वरिष्ठ घरी आहेत आणि पहाटे तीनला जेआर टू एकटा पोट उघडतो आहे, अशा प्रसंगाविषयी त्यातून काहीही काढता येत नाही.

देखरेख नसलेले शिकणे कसे असते, याचा दाखला पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतून मिळतो. ही पद्धत नवी होती तेव्हा ती शिकणारे निवासी डॉक्टर नव्हते. वर्षानुवर्षे व्यवसाय करणारे शल्यचिकित्सक होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ५५ शल्यचिकित्सकांच्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुख्य पित्तनलिकेला झालेल्या इजांपैकी ९० टक्के इजा त्या त्या शल्यचिकित्सकाच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत झालेल्या होत्या. पदवी, अनुभव, नाव हे सगळे असून नवखेपणाची किंमत रुग्णाने मोजली, कारण शेजारी शिकवणारे कोणी नव्हते. आज तीच शस्त्रक्रिया जेआर थ्री करतो तेव्हा समोरच्या पडद्यावर शिक्षकही तेच दृश्य पाहत असतात, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावू देत नाहीत.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. सगळे ‘मोठे सर’ सारख्या हाताचे नसतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० अनुभवी शल्यचिकित्सकांचे व्हिडिओ त्यांच्याच समव्यावसायिकांनी नावे न कळता तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कौशल्यात सर्वांत खालच्या चौथाईतल्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के आणि सर्वांत वरच्या चौथाईत ५.२ टक्के आढळले. तेव्हा ‘शिकाऊ नको, सरच हवेत’ एवढ्यावर निश्चिंत होणे बरोबर नाही.

टेबलावर प्रत्यक्षात काय घडते

जांघेतल्या हर्नियाचे उदाहरण घेऊ, कारण जाळी बसवण्याची ही शस्त्रक्रिया बहुतेक निवासी डॉक्टर सुरुवातीच्या काळात शिकतात. जेआर टू ऑपरेशन करत असतो, समोर सहायक प्राध्यापक हात धुऊन, गाउन घालून उभे असतात आणि बरेचदा रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला धरण्याचे हत्यार, त्यांच्याच हातात असतो. पोटाच्या भिंतीचा चिवट पडदा उघडला की लगेच खाली एक बारीक नस असते, ती तुटली किंवा टाक्यात अडकली तर जांघेत महिनोन्महिने दुखत राहते. त्यामुळे कात्री पुढे सरकण्याआधी ‘नस कुठे आहे, दाखव’ असे विचारले जाते. पुढे जाळी जांघेच्या बंधाला शिवताना सुई खोल गेली तर खाली मांडीकडे जाणारी मोठी शीर असते, तिथे प्रत्येक टाक्याला ‘सुई वर घे’ असे ऐकू येते. एकदोनदा टाका काढून पुन्हा घालायला लावतात. कधी शिक्षक न बोलता सुईधारक स्वतःच्या हातात घेतात, तो टाका घालतात आणि परत देतात. पाऊण तासाचे काम यामुळे सव्वा तासावर जाते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. केवळ वेळ लागला म्हणून काही बिघडले असे समजू नये. पाठीत दिलेल्या भुलीलाही ठरावीक मुदत असते, त्यामुळे काम फार रेंगाळले तर शिक्षक ते आपल्या हातात घेतात.

असे शिकणे पायऱ्यापायऱ्यांनी होते: आधी पाहायचे, मग मदतनीस म्हणून उभे राहायचे, मग वरिष्ठांच्या समोर स्वतः करायचे आणि शेवटी एकट्याने. निवासी डॉक्टरच्या लॉगबुकमध्ये प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे यातली पायरी नोंदवलेली असते. रुग्णाला लॉगबुक मागता येत नाही, पण पायरी विचारता येते.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

संमतीपत्र घेऊन येणारा बहुतेक वेळा जेआर वन असतो, तो घाईत असतो आणि वेळ शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची असते. छापील फॉर्मवर डॉक्टरांच्या नावासाठी रिकामी जागा आणि पुढे ‘व त्यांचे सहकारी’ असा मजकूर असतो. ती रिकामी जागा रिकामीच ठेवून सही करू नये. माझ्या मते संपूर्ण कागदात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची जागा तीच आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले की संमती घेण्यापूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू व फायदे, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगितले गेले पाहिजेत. त्या प्रकरणात फक्त दुर्बिणीने तपासणी करण्याची संमती असताना, रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले होते, आणि तातडीची गरज नसताना अशी संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. आपल्याकडे सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला बाजूला ठेवून मुलाची किंवा नवऱ्याची सही घेण्याची सवय आहे; अशी सही घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. सही रुग्णाची हवी, आणि समजावणेही रुग्णाला हवे, त्याला कळेल अशा भाषेत.

शस्त्रक्रिया नेमकी कोणाच्या हातून होणार, हा मुद्दा न्यायालयाच्या त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणून तो आपणच काढावा लागतो. शब्द साधे असावेत: ‘डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी टेबलावर वरिष्ठ कोण असतील? ते हात धुऊन उभे असतील की थिएटरमध्ये असतील?’ या दोन उत्तरांत मोठा फरक आहे. अनेक सरकारी थिएटरांत एकाच खोलीत दोन टेबले चालू असतात, आणि सहायक प्राध्यापक दोन्हींकडे लक्ष ठेवून असतात. साध्या शस्त्रक्रियेला ते चालते, अवघड शस्त्रक्रियेला चालू नये. त्यापुढे विचारावे: ‘अवघड भाग कोण करणार?’ आणि ‘रात्री काही झाले तर सर येतील, की फोनवर सांगतील?’ असे विचारल्याने डॉक्टर चिडतील ही धास्ती असते. आवाज चढवून ‘तुम्ही शिकाऊ ना?’ असे म्हटले तर कोणीही चिडेल. वरचे प्रश्न शांतपणे विचारले तर बहुतेक जेआर नेमके उत्तर देतात, कारण वरिष्ठ टेबलावर असावेत ही त्यांचीही इच्छा असते.

जेआर वनला उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याशी वाद घालू नये. युनिट प्रमुखांचा राउंड सकाळी असतो, तिथे रुग्णाने स्वतः विचारावे. नातेवाइकांना राउंडच्या वेळी बाहेर काढतात, म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहून रुग्णाच्या उशाशी ठेवलेला बरा.

वरिष्ठांचा आग्रह केव्हा धरावा

प्रत्येक शस्त्रक्रियेला प्रमुखांनीच हात लावावा असा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे, आणि त्याने तारीख मात्र पुढे जाते. गळू फोडणे, हायड्रोसील, पहिल्यांदाच होणारा साधा हर्निया, अपेंडिक्सची गुंतागुंत नसलेली शस्त्रक्रिया, यांत अनुभवी जेआर आणि समोर सहायक प्राध्यापक ही व्यवस्था पुरेशी असते. उलट, त्याच जागी दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया, आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असण्याची शक्यता, कर्करोग, आवाजाच्या नसेशेजारचे थायरॉइडचे काम, चेहऱ्याच्या नसेशेजारची लाळग्रंथीची गाठ, किंवा हृदय, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काही आधीच कमजोर असलेला रुग्ण, या प्रसंगी ‘प्रमुख सर किंवा मॅडम स्वतः टेबलावर असतील का’ हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे. ‘नाही’ असे उत्तर आले तर कारण विचारावे, आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याचा रुग्णाचा हक्क वापरावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार होत असले तरी हा हक्क कमी होत नाही.

तातडीच्या शस्त्रक्रियेत गणित बदलते. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडले आहे, आतडे अडकले आहे, पोटात रक्तस्राव होतो आहे, अशा वेळी तासातासाने धोका वाढतो आणि मोठ्या सरांची वाट पाहणे हाच मोठा धोका ठरतो. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: ‘ऑन-कॉल वरिष्ठांना कळवले आहे का?’ होकार मिळाला की सही करावी.

अध्यापन रुग्णालयात तपासणीसाठी अनेक विद्यार्थी येतात. पोटातली गाठ एकामागून एक दहा जणांनी दाबून पाहिली तर रुग्णाला त्रास होतो, आणि ‘आता पुरे’ असे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. खासगी अवयवांची तपासणी केवळ शिकण्यासाठी होणार असेल तर वेगळी परवानगी मागितली गेली पाहिजे. भुलीखाली असताना तर ती आधीच, लेखी असावी. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२४ मध्ये तिथल्या रुग्णालयांना हेच बजावले. आपल्याकडे रुग्णाने, विशेषतः स्त्री रुग्णाने, संमतीपत्रावरच तसे लिहून घ्यावे. नकार दिल्यामुळे उपचारांत उणे येता कामा नये.

थिएटरच्या दारात

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक यादी तयार केली आहे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी असे तिचे तीन टप्पे आहेत. नवी दिल्लीसह ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या यादीतली एक ओळ आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे: चिरा देण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. एकदा नाव सांगून झालेला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर पुढे ‘सर, बाजू उजवी होती ना?’ असे विचारायला कचरत नाही, हा त्याचा खरा फायदा.

रुग्णाच्या हातात यातला पहिला टप्पा असतो, कारण तेव्हा तो जागा असतो. नाव, ऑपरेशन आणि बाजू विचारली जाईल तेव्हा ‘फाइलमध्ये आहे’ असे न म्हणता स्वतः तोंडाने सांगावे. औषधांची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची केव्हा घेतली, शेवटचे खाणेपिणे किती वाजता झाले, हे पुन्हा सांगावे, जरी आधी चार जणांना सांगून झालेले असले तरी. ऑपरेशनच्या बाजूवर पेनाने खूण केलेली नसेल तर ती करायला सांगावी.

शस्त्रक्रियेनंतरची रात्र

शिकाऊ डॉक्टरचा रुग्णावर सर्वांत मोठा परिणाम थिएटरमध्ये होतो असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. शस्त्रक्रिया तास-दोन तास चालते, आणि पुढचे पाच-सात दिवस रुग्ण प्रामुख्याने जेआरच्या नजरेखाली असतो. अमेरिकेतल्या ८४,७३० रुग्णांच्या नोंदींवरचा २००९ चा एक अभ्यास इथे फार महत्त्वाचा आहे. ज्या रुग्णालयांत मृत्यू सर्वांत कमी आणि ज्यांत सर्वांत जास्त, त्यांची तुलना केली तेव्हा गुंतागुंतीचे एकूण प्रमाण जवळपास सारखेच निघाले, २५ ते २७ टक्क्यांच्या आसपास. फरक होता तो गंभीर गुंतागुंत झाल्यानंतर दगावणाऱ्यांत: १२.५ टक्के विरुद्ध २१.४ टक्के. बिघाड सगळीकडे होतो, पण तो वेळेवर ओळखून सावरणे सगळीकडे होत नाही.

हे ओळखण्याचे काम रात्री अडीच वाजता जेआर वन करत असतो, आणि तो बहुधा सकाळपासून उभा असतो. थकव्याविषयी अमेरिकेत ११७ प्रशिक्षण केंद्रांत मोठा प्रयोग झाला. कामाच्या पाळ्यांचे नियम सैल केलेल्या गटात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत ९.१ टक्के आणि नेहमीचे नियम असलेल्या गटात ९.० टक्के आढळली. त्यावरून थकवा निरुपद्रवी असतो असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा होतीच. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी वॉर्डांत निवासी डॉक्टरांचा आठवडा अनेकदा त्याहून लांबतो, आणि तास कमी करण्याच्या मागणीसाठी त्यांच्या ‘मार्ड’ या संघटनेने वेळोवेळी आवाज उठवला आहे. कागदावर वाजवी कामाचे तास आणि साप्ताहिक सुटीची तरतूद आहे. वॉर्डात गर्दी झाली की पहिला बळी सुटीचाच जातो.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने म्हणून एक छोटी वही ठेवावी. दर काही तासांनी ताप, नाडी, लघवी साधारण किती झाली, ड्रेनच्या, म्हणजे आतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या पिशवीत किती आणि कोणत्या रंगाचे आले, पोट फुगले का, उलटी झाली का, वेदना वाढत आहेत की कमी होत आहेत, हे वेळेसह लिहावे. सुरुवातीला लालसर पाण्यासारखे येणारे ड्रेनमधले स्राव एकाएकी गडद लाल झाले, हिरवट-पिवळे झाले किंवा त्याला शौचासारखा वास आला, तर सकाळची वाट पाहू नये. नाडी सतत वाढत जाणे, श्वास जलद होणे, लघवी फारच कमी होणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे, ही चिन्हेही तशीच. आधी सिस्टरांना सांगावे, मग जेआरला बोलवायला सांगावे, आणि जेआर आला की वही दाखवावी. ‘पेशंट बरा वाटत नाही’ या वाक्यापेक्षा ‘रात्री दहाला नाडी नव्वद होती, आता एकशे तीस आहे’ हे वाक्य त्याला जागेवर थांबवते आणि वरिष्ठांना फोन करायला त्याच्या हातात काहीतरी देते. तरी समाधान झाले नाही तर शांतपणे म्हणावे: ‘डॉक्टर, एकदा सिनियरना दाखवा, आणि त्यांना कळवल्याचे फाइलमध्ये लिहा.’ या शेवटच्या अर्ध्या वाक्याचा उपयोग पहिल्या अर्ध्याहून अधिक होतो.

पाळी बदलताना माहिती गळते, म्हणून त्या वेळी जास्त सावध राहावे. उत्तर अमेरिकेतल्या ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना रुग्ण सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०१४ मध्ये दिसून आले. नवा जेआर आला की त्याला काय कळले आहे हे आपणच विचारावे: कोणते रिपोर्ट यायचे आहेत, पाणी केव्हा सुरू करायचे, कोणते इंजेक्शन बंद केले. उत्तर जुळत नसेल तर त्याला तिथल्या तिथे फाइल उघडायला सांगावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निवासी डॉक्टरवर धावून जाण्याने रुग्णाचे काहीही भले होत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि शिक्षा आहे. पण कायद्यापेक्षा व्यवहाराची बाब अशी की मारहाणीच्या भीतीने डॉक्टर त्या खाटेकडे फिरकायचे टाळू लागतात. तक्रार असेल तर ती युनिट प्रमुख, मग वैद्यकीय अधीक्षक, मग अधिष्ठाता या क्रमाने, तारीख आणि वेळ घालून लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. वैद्यकीय निष्काळजीपणाचा आरोप असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते.

घरी जाताना

निवासी डॉक्टर असताना वाढलेली दिसणारी गुंतागुंत म्हणजे जखमेचा वरवरचा संसर्ग, आणि तो बहुतेक वेळा घरी गेल्यावर उघडा पडतो. शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांपर्यंत, आणि हर्नियासारख्या शस्त्रक्रियेत जाळी बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत जखमेकडे लक्ष ठेवावे. लाली पसरणे, गरम लागणे, पू किंवा पाणी येणे, टाक्यांची कड सुटणे, ताप, यांपैकी काही दिसले तर गावातल्या दवाखान्यात आठवडाभर गोळ्या घेत बसण्याऐवजी त्याच युनिटच्या ओपीडीला जावे. लांबून येणाऱ्यांनी डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावे की टाके तालुक्याला काढले तर चालतील का, आणि तसे कार्डावर लिहून घ्यावे.

डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रतही मागावी. वैद्यक व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात. त्यानंतर त्या मिळतीलच असे नाही. या नोटमध्ये शस्त्रक्रिया कोणी केली, मदतीला कोण होते, भूल कोणी दिली, आत काय आढळले, कोणती जाळी किंवा क्लिप वापरली, हे लिहिलेले असते. पाच-दहा वर्षांनी त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर नव्या शल्यचिकित्सकाला सर्वांत आधी हाच कागद हवा असतो. त्याची एक झेरॉक्स आणि मोबाइलवर एक फोटो काढून मूळ प्रत केस पेपरच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.